दार उघडं ठेवून साक्ष: विरोधाच्या काळात सुवार्ता कशी सांगावी

सलाम.

मी निवृत्त परिचारिका आहे. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, शेवगाव तालुक्यात आमचं घर. पणजोबांच्या काळापासून आमचं कुटुंब ख्रिस्ती. नोकरी सरकारी दवाखान्यात झाली आणि उरलेला वेळ मंडळीत गेला. हल्ली तरुण भावंडं, विशेषतः नव्यानं विश्वासात आलेल्या सुना-मुली, माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात: "सिस्टर, प्रभूबद्दल बोलायचं तर आहे, पण आताच्या दिवसांत बोलावं कसं?" कुणाच्या घरी सासूनं अबोला धरलाय. कुणाच्या वस्तीवर प्रार्थनेच्या दिवशी पोरं मोटारसायकली लावून समोर बसतात. कुणाला कायद्याची धास्ती आहे. त्यांना मी जे सांगते तेच इथं नीट लिहून काढते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. साक्षीचं धाडस उघडेपणात असतं, आवाजात नसतं. तुम्ही शेजारणीला स्वयंपाकघरात जे सांगता, ते तिच्या नवऱ्यासमोर, सरपंचांसमोर आणि वेळ आली तर ठाण्यातल्या साहेबांसमोर तसंच्या तसं सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ते बोलू नका. पौलानं करिंथकरांना हेच लिहिलं होतं की आम्ही लज्जेच्या गुप्त गोष्टी सोडून दिल्या आहेत आणि कपटानं चालत नाही. पुढं मी जे जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी आपली साक्ष कागदावर लिहा

बोलायला घाबरणाऱ्या दहाजणांपैकी नऊजणांना खरं तर काय बोलायचं हेच ठरलेलं नसतं. मग ऐनवेळी पाळकसाहेबांचं प्रवचन आठवून बोलायला जातात आणि अडकतात. म्हणून वहीचं एक पान घ्या आणि त्यावर तीन गोष्टी लिहा: आधी मी कशी होते, प्रभू मला कुठं भेटला, आणि आता काय वेगळं आहे. मोठ्यानं वाचलं तर दोन-तीन मिनिटांत संपायला हवं.

माझी साक्ष अशी आहे: "माझा धाकटा भाऊ दारूपायी गेला. त्यानंतर मी देवावर फार रागावले होते, प्रार्थनाही सोडून दिली होती. एका रात्रपाळीला योहानाचं शुभवर्तमान उघडलं आणि लाजराच्या कबरेपाशी येशू रडला हे वाचलं. लहानपणापासून ऐकलेलं होतं, पण त्या रात्री ते मला लागलं. माझ्यासाठी देव रडतो, हे मला कळलं. राग एका दिवसात गेला नाही. पण तेव्हापासून मी एकटी नाही. म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवते."

एवढंच. यात कुणाच्या देवाबद्दल एक शब्द नाही. "तुम्ही प्रार्थना केली तर तुमच्या भावाची दारू सुटेल" असं वचनही नाही, कारण माझ्या भावाची सुटली नव्हती. जे माझ्याबाबतीत घडलं तेवढंच आहे, आणि ते खोटं आहे असं कुणी म्हणू शकत नाही. योहानाच्या नवव्या अध्यायातल्या आंधळ्या माणसाला परूशी म्हणवणाऱ्या धर्मपुढाऱ्यांनी उलटसुलट प्रश्न विचारून हैराण केलं, तेव्हा तो म्हणाला की मला एक माहीत आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. त्याच्याकडे शास्त्राचं उत्तर नव्हतं. तरी सभास्थानातून बाहेर काढेपर्यंत तो आपल्या म्हणण्यावरून हलला नाही.

लिहून झाल्यावर ते पान मंडळीबाहेरच्या एखाद्या मैत्रिणीला वाचून दाखवा आणि काय कळलं नाही ते विचारा. तारण, अभिषेक, रक्तानं धुतलं जाणं ही आपली रोजची भाषा. शेजारणीला त्यातलं काही पोचत नाही, कधीकधी तिला भीतीच वाटते. त्याऐवजी माफी, ओझं उतरणं, सोबत असणं असं साधं बोला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची गोडी अभंगांत आणि भजनांत सांगितली, म्हणून ती मराठी माणसाच्या तोंडी बसली. गाता येत असेल तर टिळकांचं एखादं भजन पाठ ठेवा. टाळ आणि पेटी असली तर पुष्कळ काम होतं.

जन्मानं ख्रिस्ती असलेल्यांना वाटतं, आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही. आहे. शोधलं नाही म्हणून सापडत नाही एवढंच.

विचारून बोला, आणि नको म्हटलं की थांबा

पेत्रानं पहिल्या पत्रात सांगितलंय की तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदा सिद्ध असा, पण ते सौम्यतेनं आणि आदरानं द्या. कुणी विचारतं तेव्हा बोलणं सगळ्यांत सोपं असतं, आणि माणसं विचारतात. "तुमच्यावर एवढं आलं, तुम्ही शांत कशा?" हे वाक्य मी बाजारात ऐकलंय, एस. टी. स्टँडवर ऐकलंय, दहाव्याला गेले असताना ऐकलंय. तेव्हा "सगळं ठीक आहे" म्हणून विषय टाळू नका. "माझ्या विश्वासामुळे. सांगू का थोडं?" एवढं म्हणा. हे "सांगू का?" फार मोलाचं आहे. समोरची "सांगा" म्हणाली तर तिनं स्वतः दार उघडलेलं असतं.

"नको" म्हणाली तर विषय तिथंच संपवा आणि तिच्या कापसाबद्दल, पोरीच्या परीक्षेबद्दल विचारा. पुढच्या वेळी भेटाल तेव्हाही पहिल्यासारखंच बोला. पुष्कळजण इथंच कसाला लागतात. ऐकणाऱ्यालाच जीव लावायचा आणि न ऐकणाऱ्याकडे पाठ फिरवायची, हे प्रभूच्या माणसाला शोभत नाही. शोमरोनी गावानं येशूला उतरायला जागा दिली नाही तेव्हा याकोब आणि योहान आकाशातून अग्नी पाडायला निघाले होते. प्रभूनं त्या दोघांनाच दटावलं आणि सगळे मुकाट्यानं दुसऱ्या गावाला गेले.

थोडक्यात बोलून सोडून द्यायलाही शिका. टिळक राजनांदगावला निघाले असताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाशी त्यांचं बोलणं झालं. त्यानं आदरानं गप्पा मारल्या, नव्या कराराची प्रत दिली आणि तो निघून गेला. पुढं टिळकांनी वाचलं, झगडले, आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुस्तक देणाऱ्याचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

एक गोष्ट मी कडकपणे सांगते: नोकरीच्या वेळेत आणि नोकरीच्या पोशाखात सुवार्ता सांगू नका. सरकारी शिक्षक, परिचारिका, तलाठी, कुणीही असा. खाटेवर पडलेला रुग्ण तुम्हाला "नको" म्हणायला घाबरतो, कारण त्याची सुई तुमच्या हातात असते. मी दवाखान्यात कधी प्रभूचं नाव पुढं केलं नाही. फक्त कुणाशी खेकसले नाही, आणि शेवटच्या घटका मोजणाऱ्याजवळ बसून राहिले. निवृत्तीनंतर त्यांतलेच काही लोक घरी आले आणि त्यांनी आपणहून विचारलं.

घरातला विरोध

जमावापेक्षा घर अवघड, हे मी अनुभवानं सांगते. जमाव तासाभरात पांगतो. सासूबाई मात्र सकाळी चुलीपाशी पुन्हा समोर असतात.

घरात एकटी विश्वासणारी असाल तर पहिले काही महिने कमी बोला आणि घरकामात कसूर करू नका. लपवूही नका. शुभवर्तमान गादीखाली ठेवलेलं सापडलं की घरच्यांना वाटतं, हिला कुणीतरी फितवलंय. त्यापेक्षा नवऱ्याला स्पष्ट सांगा: "मी हे वाचते. यात वाईट काही नाही, तुम्हीही बघा. तुमच्यापासून लपवून मी काही करणार नाही." मारहाण होण्याची शक्यता असेल तर मात्र हे एकटीनं सांगू नका. आधी माहेरच्या किंवा मंडळीतल्या मोठ्या माणसांना कल्पना द्या. मार खात राहणं ही साक्ष नव्हे. महिला हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांक पाठ ठेवा.

सत्यनारायण, हळदीकुंकू, नवरात्र आलं की प्रसादाचा प्रश्न येतो. मंडळीत यावर दोन मतं आहेत आणि पौलाच्या काळातही होती. माझं मत सांगते. शेजारी बोलावतात ते प्रेमानं बोलावतात, म्हणून जावं. पोळ्या लाटायला, भांडी घासायला लागावं. प्रसाद घेण्याबद्दल तुमची सद्सद्विवेकबुद्धी अडत असेल तर ते ऐन पूजेत चारचौघांत सांगू नका, आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा: "वहिनी, मी येणार आहे, कामालाही हात लावणार आहे. फक्त प्रसाद मी घेत नाही, माझ्या विश्वासामुळे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." आधी सांगितलं की मान राहतो. ऐनवेळी हात मागे घेतला की अपमान होतो, आणि तो वर्षानुवर्षं लक्षात राहतो. नव्या बहिणींना "कुंकू पूस, मंगळसूत्र काढ" असं सांगणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. नवऱ्याच्या मनात त्यानं फक्त भय बसतं.

टिळकांचंच घर पाहा. त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा लक्ष्मीबाई उद्ध्वस्त झाल्या. दोघांची ताटातूट झाली. पुढं त्या नवऱ्याकडे आल्या, तरी सोवळंओवळं पाळत राहिल्या आणि टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनानं. मधली पाच वर्षं दोघांनी काय सोसलं ते लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय. आपल्याला मात्र पाच महिन्यांत फळ हवं असतं.

मदत वेगळी, साक्ष वेगळी

दुष्काळात पोटासाठी धर्म सोडला, हा टोमणा नगर जिल्ह्यात आमच्या पणजोबांनी ऐकला आणि आम्हीही ऐकतो. त्याला तोंडानं उत्तर देऊन उपयोग नाही, वागण्यानं द्यावं लागतं. आमच्या मंडळीत आम्ही साधा नियम केलाय. ज्या दिवशी धान्य, वह्या, घोंगड्या वाटायच्या त्या दिवशी प्रार्थना नाही, पत्रिका नाही, प्रभूची गोष्टही नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची यादी शाळेच्या गुरुजींकडून घ्यायची, त्यात कोण कुठल्या धर्माचं ते बघायचं नाही, आणि वाटप ग्रामपंचायतीच्या पारावर उघड्यावर करायचं. कुणी विचारलंच की "का देता?", तर "प्रभूनं आम्हाला दिलं म्हणून" एवढं एक वाक्य. यावर काही भावंडं म्हणतात, ही तर संधी दवडणं झालं. मला तसं वाटत नाही. भुकेल्या माणसाचं "हो" खरं आहे की नाही हे त्याचं त्यालाही कळत नसतं.

आजारपणातली प्रार्थना हा याहून नाजूक विषय आहे. कुणी मागितली तर प्रार्थना जरूर करा. घरच्यांसमोर करा, हळू आवाजात करा. पण "बरी होशील" असं वचन देऊ नका, आणि गोळ्या बंद करायला सांगू नका. इन्सुलिन, रक्तदाबाची गोळी, फिट्सचं औषध, टीबीचा कोर्स विश्वासाच्या नावावर थांबवलेल्या माणसांचं पुढं काय होतं ते मी वॉर्डात पाहिलंय. आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणा विरोधी कायदा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्राचा उपचार करणं हा त्यात गुन्हा आहे. पावसाळ्यात शेतातून असा निरोप आला तर आधी गाडी आणि १०८. प्रार्थना गाडीत बसून करा.

घरातली प्रार्थना सभा

सभा घ्यायची तर दिवसाढवळ्या घ्या, ठरलेल्या वाराला आणि ठरलेल्या वेळेला. दार आणि खिडक्या उघड्या ठेवा. सुवार्तेच्या बाबतीत बंद दारानं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्याही विरोधकानं केलेलं नाही. आत काय चाललंय हे दिसलं नाही की माणसं कल्पना करतात. आमच्याकडे ओसरीवर सतरंजी टाकतो; जाणाऱ्या-येणाऱ्याला सगळं दिसतं, ऐकू येतं. पोलीस पाटलांना आणि शेजारच्या दोन घरांना आधी सांगून ठेवतो. चहा सगळ्यांसाठी असतो, बघायला आलेल्यांसाठीसुद्धा.

ध्वनिक्षेपक नकोच. मोकळ्या जागी रात्री दहा ते सकाळी सहा तो लावायला कायद्यानं बंदी आहे आणि इतर वेळी परवानगी लागते. पण कायदा बाजूला ठेवला तरी शेजाऱ्याचं तान्हं बाळ झोपलेलं असतं. पेटी आणि ढोलकी पुरते.

दुसऱ्या घरातली लहान मुलं आली तर आई-वडिलांनी स्वतः येऊन सांगितल्याशिवाय त्यांना बसवून घेऊ नका. इथं मला पंडिता रमाबाईंची गोष्ट आठवते. त्यांनी मुली आणि विधवांसाठी काढलेलं शारदा सदन पुण्यात असताना रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. मुली आपणहून येऊन बसू लागल्या. त्यावरून १८९३ मध्ये केवढं वादळ उठलं! सल्लागार मंडळातल्या न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या मोठ्या माणसांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली परत नेल्या. रमाबाईंनी दार लावून घेतलं नाही, आणि सदनही बंद केलं नाही. पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला शेकडो मुली-बायका आणून सांभाळल्या. त्यांचा उघडेपणा मी शिरसावंद्य मानते. पण पालकांनी विश्वासानं सोपवलेल्या अल्पवयीन मुलींच्या बाबतीत आज तसंच्या तसं वागता येणार नाही, आणि वागूही नये. पालकांचा शब्द आधी घ्यावा.

कायदा माहीत असू द्या

भीती बरीचशी अर्धवट माहितीतून येते. राज्यघटनेचं कलम २५ प्रत्येक माणसाला सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं, आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा, त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याची मर्यादा सांगितली: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा मूलभूत हक्क नाही. मला यात काही अडचण दिसत नाही. माणसाचं मन बदलणं हे कधीच आपलं काम नव्हतं, ते पवित्र आत्म्याचं आहे.

बऱ्याच राज्यांत बळजबरी, फसवणूक आणि आमिष यांनी केलेल्या धर्मांतराविरुद्ध कायदे आहेत. सुरत, इंदूर, लखनौकडे राहणाऱ्या आपल्या मराठी भावंडांनी हे नीट समजून घ्यावं. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात आमिषाच्या व्याख्येत भेटवस्तू, नोकरी, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतलं मोफत शिक्षण आणि दैवी कोपसुद्धा येतो. म्हणजे "ऐकलं नाहीस तर देव शिक्षा करील" हे वाक्यदेखील अडचणीचं आहे. ते सुवार्तेचं वाक्यही नव्हे. हे कायदे बदलत असतात, नवे येत असतात. आपल्या राज्यात आज काय लागू आहे ते वकिलाकडून समजून घ्या, व्हॉट्सअॅपवरून नको. आणि कुणाच्या श्रद्धास्थानाचा जाणूनबुजून अपमान करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे. ज्याला प्रभूवर प्रेम आहे त्याला त्या कलमाची गरज पडू नये.

लोक जमले तर

आमच्या तालुक्याजवळच्या एका वस्तीवर सभा चालू असताना पंधरा-वीस पोरं आली, शिव्या दिल्या, पेटी बाहेर फेकली. मी तिथं होते. त्या दिवशी जे उपयोगी पडलं ते सांगते.

बोलायला एकच माणूस पुढं जाऊ द्या, शक्यतो वयानं मोठा आणि गावात ओळखीचा. आमच्यातल्या एका आजोबांनी त्या पोरांना त्यांच्या बापांच्या नावानं हाक मारली, तेव्हा निम्मी पोरं मागं सरकली. बाकीच्यांनी बसून राहावं. मुलं आणि म्हाताऱ्यांना आधी आतल्या खोलीत किंवा शेजारी न्या. त्या वेळी धर्मावर वाद घालू नका, मोठ्यानं गाऊही नका. गाणं त्यांना आव्हान वाटतं. त्यांचे मोबाइल हिसकावू नका. आपल्यापैकी एकानं बाजूला उभं राहून चित्रण करावं आणि दुसऱ्यानं ११२ ला फोन लावावा. हात उगारला तर हात उगारायचा नाही.

पोलीस आले की खरं तेच सांगा: घर कुणाचं, किती वाजता सुरू केलं, कोण कोण होतं. न वाचता कुठल्याही कागदावर सही करू नका, कोऱ्या कागदावर तर नाहीच. तक्रार नोंदवा आणि एफआयआरची प्रत मागा. ती फुकट मिळते. नोंदवून घेतली नाही तर तीच तक्रार लेखी पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. बायकांना माहीत असावं की साक्षीदार म्हणून चौकशी करायची तर ती आपल्या घरी येऊन करावी लागते, आणि सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायला अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अटक झालीच तर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

"तक्रार कशाला, क्षमा करायची ना?" असं पुष्कळजण म्हणतात. फिलिप्पैला पौल आणि सीला यांना चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप निघून जा म्हणून निरोप पाठवला. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. त्यांना यावं लागलं. आदल्याच रात्री त्यानं तुरुंगाधिकाऱ्याचा जीव वाचवला होता. हक्क मागणं आणि माफ करणं एकाच माणसाच्या हातून एका दिवसात झालं. ओडिशात जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, फिलिप आणि टिमथी, यांना गाडीत जिवंत जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिसताईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली, कोर्टाचं काम कोर्टाला करू दिलं आणि बारीपदाच्या कुष्ठरुग्णांची सेवा पुढं कित्येक वर्षं चालू ठेवली. मुलगी एस्थर तेव्हा त्यांच्याजवळ होती.

निघून जाणंही कधी कधी बरोबर असतं. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, हे प्रभूचंच सांगणं आहे, आणि दिमिष्कात पौलाला रात्री पाटीत बसवून तटावरून खाली सोडलं होतं. जीवाला धोका असेल तर ती सभा काही आठवडे दुसरीकडे घ्या. त्यात कमीपणा मानू नका.

भीती मात्र वाटतेच. त्या दिवसानंतर मला रात्री मोटारसायकलचा आवाज आला की धडधडायचं. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात पेत्र आणि योहान धमक्या ऐकून सुटून आले, तेव्हा मंडळीनं धमक्या थांबाव्यात म्हणून प्रार्थना केली नाही. धैर्यानं बोलता यावं म्हणून केली. मीही तीच प्रार्थना धरली, आणि एकटीनं नाही, दोन बहिणींना बरोबर घेऊन. एकट्यानं धीर गोळा करायला जाऊ नका.

कुणी "मलाही यायचंय" म्हणाली तर

घाई करू नका. तिला मार्कचं शुभवर्तमान द्या आणि शेवटपर्यंत वाचू द्या, वधस्तंभासकट. मग किंमत सांगा, कारण बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो असं प्रभूनंच म्हटलंय. घरचे काय म्हणतील, लग्नकार्यात काय होईल, स्मशानात जागा कुठं मिळेल, हे सगळं बोला. ती अनुसूचित जातीची असेल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही, हेही स्वच्छ सांगा. हा भेदभाव आहे असं माझं ठाम मत आहे, तरी तो आज लागू आहे आणि मुलांच्या शिक्षणावर त्याचा परिणाम होतो. हे लपवून बाप्तिस्मा देणं म्हणजे फसवणूक. काही राज्यांत आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. उत्तर प्रदेशात साठ दिवस आधी. तेही वकिलाबरोबर बसून करा. नवऱ्याला माहीत नसेल तर आधी त्याला कळू द्या.

यानंतर ती "थांबते" म्हणाली तर थांबू द्या. तिचं नाव कुठल्या अहवालात घालू नका, फोटो काढू नका. तिच्या शेतात भुईमूग काढायला माणसं कमी पडली तर जा, आणि गुरुवारी सभा असते हे तिला माहीत आहेच.